थायलंडमध्ये व्हॉलंटियर इंग्लिश टीचर व्हायचंय? आधी शाळेला काय हवंय ते विचार

तुझा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू २४ वर्षांची, नाशिकची, इंग्रजीत बीए, दोन वर्षं क्लासमध्ये आठवी ते दहावीला शिकवतेयस. चियांग माय जवळच्या एका गावात चार आठवडे व्हॉलंटियर म्हणून इंग्रजी शिकवायला जायचंय, एक एजन्सी राहणं-जेवण धरून सव्वा लाख मागतेय, तिकीट वेगळं, आणि टुरिस्ट म्हणूनच या, व्हिसाचं काही टेन्शन नाही असं सांगतेय. तुला विचारायचंय की पैसे जास्त आहेत का, आपला इंडियन ॲक्सेंट चालेल का, आणि शाकाहारी माणसाचं तिथे कसं व्हायचं. (अगं-तुगं करतेय, चालेल ना? माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस.)

माझ्याबद्दल एवढंच की मी आधी धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या इंग्रजी प्रशिक्षणाचं काम केलं, मग थायलंडच्या ईशान्येला, ज्याला इसान म्हणतात, तिथल्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि आता असं जाणाऱ्या मुलामुलींची तयारी करून घेते. त्यामुळे इसान मला आतून माहितीय, चियांग माय कडचं बरंचसं तिथे राहिलेल्यांकडून.

तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण त्याआधी एक प्रश्न आहे जो तू विचारलाच नाहीस. त्या शाळेने तुला बोलावलंय का? म्हणजे एजन्सीने नाही, शाळेने. तिथे इंग्रजीचा थाय शिक्षक आहे की नाही, कुठल्या इयत्ता, आठवड्याला किती तास, तुझ्या आधी कोण येऊन गेलं आणि त्याने कुठपर्यंत शिकवलं, हे तुला आत्ता सांगता येत नसेल तर सव्वा लाख जास्त की कमी ह्या चर्चेला अर्थच नाहीये. अशा बऱ्याच गावांतल्या शाळांमध्ये वर्षभर पाहुणे येत असतात, प्रत्येक जण कलर्स, ॲनिमल्स आणि बॉडी पार्ट्स शिकवतो, एक गाणं घेतो, फोटो काढतो आणि जातो, आणि पुढचा आला की पुन्हा रेड, ब्लू, यलो. पोरं गोड असतात, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असं म्हणतात. वर्षाच्या शेवटी मात्र त्यांना एक साधा प्रश्न इंग्रजीत विचारता येत नाही.

चार आठवडे ह्यासाठी कमी आहेत. पहिला आठवडा नावं, चेहरे आणि शाळेची पद्धत कळण्यात जातो, शेवटचा निरोपात, मधे उरतात दोन, त्यात एखादी सुट्टी, एखादा स्पोर्ट्स डे, एखादी मीटिंग. थायलंडच्या सरकारी शाळांचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं, पहिलं सत्र ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, दुसरं साधारण १ नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, मग उन्हाळ्याची मोठी सुट्टी आणि एप्रिलमध्ये सोंगक्रान, म्हणजे थाय नववर्षाचा सण. तुझी एजन्सी एप्रिलच्या तारखा देतेय असं तू लिहिलंयस. एप्रिलमध्ये शाळाच बंद असते! मग तू नक्की कोणाला शिकवणार आहेस, हे त्यांना लेखी विचार. समर कॅम्प असेल तर तसं सांगावं त्यांनी, त्यात वाईट काहीच नाही, पण ती शाळा नव्हे. आणि उत्तर थायलंडमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळत असतात, चियांग मायची हवा त्या दिवसांत जगातल्या सगळ्यात खराब हवेत गणली जाते. दमा असेल तर हे दिवस टाळच.

माझं मत विचारशील तर एक अख्खं सत्र जा, तेही नोव्हेंबरचं. हवा बरी, पाऊस ओसरलेला, आणि पोरांना नवीन वर्गात बसून सहा महिने झालेले असतात. नोकरी सोडता येत नसेल, घरची जबाबदारी असेल, तर सत्र जमणार नाही हे मला मान्य आहे. मग कमी वेळासाठी कमी काम घे. थाय शाळांमध्ये इंग्लिश कॅम्प म्हणून प्रकार असतो, एक-दोन-तीन दिवसांचा, खेळ, गाणी, स्टॉल मांडून वेगवेगळ्या ॲक्टिव्हिटी, तिथे थोड्या दिवसांसाठी आलेल्या माणसाचा खरंच उपयोग होतो. किंवा थाय शिक्षकांसोबत बसून त्यांचा बोलण्याचा सराव घे, कारण तू गेल्यावर वर्गात तेच असणार आहेत.

आता व्हिसा. ह्यावर मी जरा कडक बोलणार आहे. २०२४ मध्ये भारतीयांना टुरिस्ट म्हणून व्हिसाशिवाय ६० दिवसांचा प्रवेश दिला होता, हे नियम बदलत असतात तेव्हा जायच्या आधी एम्बसीच्या साइटवर बघायचं. पण तो प्रवेश फिरण्यासाठी आहे. पगार नसला तरी वर्गात उभं राहून शिकवणं हे तिथे काम धरलं जातं, आणि त्याला वर्क परमिट लागतं. विनापरमिट सापडलं तर ५,००० ते ५०,००० बात दंड आणि परत पाठवणी, एक बात म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये धर. लोक म्हणतात कोणी विचारत नाही, आणि बहुतेक वेळा विचारत नाहीतही, पण विचारलं तर विमानात एजन्सी नाही, तू बसणार आहेस, आणि शाळेच्या हेडमास्तरांनाही त्रास होणार.

सरळ रस्ता असा आहे की शाळा किंवा तिथली रजिस्टर्ड संस्था तुला निमंत्रणाचं पत्र आणि स्वतःची कागदपत्रं देते, त्यावर तू व्हॉलंटियरसाठीचा नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा काढतेस, अर्ज ऑनलाइन ई-व्हिसानेच होतो, मुंबईत थाय कॉन्सुलेट आहे. तिथे गेल्यावर संस्था वर्क परमिटचं बघते. सलग ९० दिवसांहून जास्त राहिलीस तर इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो, आणि ज्या घरी राहशील त्या घरमालकाने तू तिथे राहतेयस अशी टीएम-३० नावाची नोंद इमिग्रेशनकडे करायची असते, ती केलीय का हे पहिल्या दिवशीच विचार, नाहीतर पुढच्या प्रत्येक कागदाला तेच आडवं येतं. १ मे २०२५ पासून विमानतळावर उतरण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्डही ऑनलाइन भरावं लागतं, ते फुकट असतं, त्याचे पैसे मागणाऱ्या साइट्स खोट्या. जी संस्था हे सगळं करायला तयार आहे तिच्याशी पुढे बोल. जी म्हणते गरजच नाही, तिला तिथेच थांबव.

आणि एक, हे मी प्रत्येक मुलीला आणि मुलाला सांगते. मे सोत हे म्यानमारच्या सीमेवरचं गाव आहे, तिथे बर्मी स्थलांतरितांच्या मुलांची लर्निंग सेंटर्स आहेत, वर्षानुवर्षं चांगलं काम चालू आहे आणि व्हॉलंटियर्सची गरजही आहे. पण त्याच गावातून नदीपलीकडे म्यावाडीच्या बाजूला ऑनलाइन फ्रॉडचे अड्डे आहेत, आणि थायलंडमध्ये नोकरी म्हणून बोलावून आपली पोरं तिकडे नेली गेली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाची विमानं पाठवून मे सोतमधून पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणलं. म्हणून राहणं फुकट, तिकीट आम्ही काढतो, पगारही देतो, फक्त लगेच निघा, असं कोणी टेलिग्रामवर म्हणालं की तिथेच विषय संपव. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात द्यायचा नाही, शाळेच्याही नाही, झेरॉक्स द्यायची. आणि विमानतळावर घ्यायला येणाऱ्या माणसाचं नाव-नंबर घरी आधी देऊन ठेवायचा.

पैशांचं म्हणशील तर, राहणं-जेवण, लोकल को-ऑर्डिनेटर, ट्रेनिंग ह्याचे पैसे घेणं चुकीचं नाहीये, गावातल्या शाळेवर तुझ्या खर्चाचा बोजा पडू नये हेच बरोबर. पण सव्वा लाखातले शाळेला किती, ज्या घरात तू राहणार त्यांना किती, आणि ऑफिसला किती, हे फोड करून मागायचं. जे चांगलं काम करतात ते सांगतात. खेड्यात राहण्या-जेवणाचा खर्च बँकॉकसारखा नसतो, त्यामुळे आकडे समोर आले की तुझं तुलाच कळेल. अनाथाश्रमात शिकवायचं पॅकेज असेल तर मात्र कितीही स्वस्त असो, जाऊ नकोस. अशा ठिकाणच्या बऱ्याच मुलांचे आईवडील हयात असतात, आणि पाहुण्यांचे पैसे येत राहावेत म्हणून मुलं घरापासून लांब ठेवली जातात. तसंच तुझ्याकडे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट न मागणारी संस्था लहान मुलांच्या बाबतीत बेफिकीर आहे असंच समज. पासपोर्ट सेवाच्या साइटवर ते निघतं, तू स्वतःहूनच काढून ठेव.

आता ॲक्सेंट. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण आपली पोरं उगाच घाबरतात.

आधी खरं ते सांगते. पगारी नोकरीच्या जाहिरातींत नेटिव्ह स्पीकर हवा असं उघड लिहिलेलं असतं, आपल्यासारख्यांकडे टोइक किंवा आयेल्ट्स ह्या इंग्रजीच्या परीक्षांचा स्कोअर मागतात, आणि गोरा चेहरा पालकांना दाखवायला आवडतो हे मी नाकारणार नाही. पण तिथे फिलिपिनो शिक्षक भरपूर आहेत आणि ते उत्तम शिकवतात. खेड्यातल्या शाळेला व्हॉलंटियर हवा असतो तेव्हा हा मुद्दा बराच मागे पडतो. आणि दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकलेल्या माणसाला एक गोष्ट येते जी जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्याला येत नाही, कुठे अडतं ते आठवणं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, थायलंडमध्ये त्याच्या थोडं आधी, १९९६ मध्ये. दोन्हीकडे शिक्षकांची तारांबळ तीच, पोरांची भीती तीच.

पण ॲक्सेंटमध्ये एक ठिकाण आहे जिथे मराठी माणसाने लक्ष द्यायलाच हवं. आपण पेन, टेन, कॅट म्हणताना प, ट, क हे श्वास न सोडता म्हणतो. इंग्रज ते सुरुवातीला हवा सोडून म्हणतो, जवळजवळ आपल्या ख किंवा ओठ मिटून म्हटलेल्या जुन्या फ सारखे. थाय भाषेत आपल्यासारखेच हे दोन्ही वेगवेगळे आवाज आहेत, प वेगळा आणि फ वेगळा, त्यामुळे तिथल्या पोराचा कान हा फरक अचूक पकडतो. तू आपल्या पद्धतीने पेन म्हणालीस की त्याला तो वेगळाच शब्द वाटतो, त्याने तो टीव्हीवर दुसऱ्या आवाजात ऐकलेला असतो. आपल्याला दोन्ही आवाज येतात, त्यामुळे सुधारणा सोपी आहे, शब्दाच्या सुरुवातीला थोडी हवा सोडायची. आणि आपला ट-ड जीभ मागे वळवून येतो, थायमध्ये असा आवाजच नाही, तेव्हा जीभ थोडी पुढे आण. व्ही आणि डब्ल्यू मधे आपणही गोंधळतो आणि तेही, थायमध्ये व्ही नाही, ते वॅनलाही वॅन आणि व्हॅनलाही वॅन म्हणतात, म्हणून तुझा तरी स्पष्ट असू दे. आरशासमोर रोज दहा मिनिटं, बास. अमेरिकन आवाज काढायला जाऊ नकोस, ते कोणालाच शोभत नाही आणि पोरांना कळतही नाही.

पोरांच्या बाजूने काय अडतं ते बघ. थाय शब्दाच्या शेवटी फार थोडे आवाज येतात, त्यामुळे शेवटचा एस गळतो, एल चा न होतो. फुटबॉलचं फुटबॉन, स्कूलचं सकून, ॲपलचं ॲप्पन. सुरुवातीच्या जोडाक्षरात स्वर घुसतो, आपल्याकडे इस्टेशन होतं तसं तिकडे स्टॉपचं सटॉप. ह्याला पोरगं आळशी आहे म्हणायचं नसतं. शेवटचा एस गळतो म्हणून अनेकवचनही गळतं, आणि थायमध्ये क्रियापदाला काळ नाही म्हणून येस्टरडे आय गो होतं, विशेषण नामानंतर येतं म्हणून कार रेड होतं. लिहिताना थायमध्ये दोन शब्दांत जागा सोडत नाहीत आणि कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणून लहान पोरं अख्खं वाक्य एकाला एक चिकटवून लिहितात. हे आधी माहीत असेल तर तू चिडत नाहीस, सरळ त्यावरच खेळ बनवतेस. मी शेवटच्या आवाजासाठी एक करायचे, कॅट आणि कॅट्स, बुक आणि बुक्स, एक ऐकलं की एक बोट वर, अनेक ऐकलं की पूर्ण हात वर. आधी नुसतं ऐकणं, तोंड उघडायची सक्ती नाही. आठवडाभर कान तयार झाला की बोलणं आपोआप यायला लागतं.

इसानमध्ये एक थर अजून असतो. पोरं घरी लाओला जवळची इसान भाषा बोलतात, शाळेत थाय, आणि तिसरं इंग्रजी. धुळ्यात घरी अहिराणी बोलणाऱ्या पोराला शाळेतली मराठी आणि वर इंग्रजी, अगदी तसंच. चियांग माय, चियांग राय च्या डोंगरांत कारेन, आखा, लाहू, मोंग जमातींची मुलं असतील तर तिथेही हेच. तेव्हा पोरगं गप्प बसलं तर त्याला येत नाही असं लगेच ठरवू नकोस. त्यातून थाय वर्गात चुकून हसं होण्याची भीती फार मोठी असते. अंडरस्टँड? विचारलंस की सगळा वर्ग येस म्हणणार. तो प्रश्न विचारणंच बंद कर. त्याऐवजी करून दाखवायला लाव, जोडीने बोलायला लाव, छोट्या पाटीवर लिहून एकदम वर धरायला लाव, म्हणजे एकटं कोणी उघडं पडत नाही. सकाळी सगळे उभे राहून गुड मॉर्निंग टीचर, आय ॲम फाइन थँक्यू अँड यू म्हणतील एका सुरात, त्याने हुरळू नकोस आणि त्यांना थांबवूही नकोस. फक्त रोज दोघा-तिघांना वेगळं उत्तर शिकव, आज झोप येतेय, आज भूक लागलीय, आज खूश आहे. बाकीचे ते उचलतात.

ध्येय छोटं ठेव. थायलंडच्या शिक्षण मंत्रालयाने २०१४ पासून सीईएफआर, म्हणजे भाषा किती येते ते मोजायच्या युरोपियन मापाची पातळी धरलीय, सहावी संपताना ए१, म्हणजे स्वतःबद्दल साधं बोलता आणि विचारता येणं. सत्रभरात एका इयत्तेला वीस-पंचवीस वाक्यं अशी आली की पोरगं ती स्वतःहून वापरतंय, तर मी त्याला उत्तम सत्र म्हणेन. आणि वर्गात थाय शिक्षक हजर असायलाच हवेत. बऱ्याच ठिकाणी व्हॉलंटियर आला की ते सुटकेचा श्वास सोडून ऑफिसच्या कामाला जातात, त्यांच्यावर कागदांचा डोंगर असतो, मला राग येत नाही त्यांचा. छोट्या शाळांत तर एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो आणि एका वर्गात हुआ हिनच्या शाळेतून येणारे डीएलटीव्ही ह्या दूरशिक्षणाच्या चॅनेलचे धडे टीव्हीवर लावून दुसऱ्या वर्गात जातो. पण तू पहिल्याच भेटीत हेडमास्तरांना नम्रपणे सांग की आठवड्यातले निदान अर्धे तास आपण दोघांनी मिळून घ्यायचे. रोजचा धडा एका वहीत लिहून ठेव, थाय शिक्षकांना थायमध्ये दोन ओळी लिहायला सांग, आणि निघताना ती वही शाळेत ठेव. पुढचा व्हॉलंटियर आला की कलर्सपासून सुरुवात होणार नाही.

तयारी म्हणून १२० तासांचा टेफल, म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा कोर्स कर, पण व्हिडिओवाल्या स्वस्त कोर्सवर थांबू नकोस, आठवी ते दहावीला शिकवणं आणि सात वर्षांच्या पोरांना शिकवणं ह्यात फार फरक आहे. आपल्याच जवळच्या जिल्हा परिषद शाळेत महिनाभर दुसरी-तिसरीला शिकवून बघ, शिक्षक नाही म्हणणार नाहीत. तिथे मराठीचा एकही शब्द न वापरता अर्धा तास घेता आला तर थायलंडमध्येही जमेल.

खाणं. शाकाहार जमतो पण सांगता यायला हवा. नुसतं मांस नको म्हटलंस तर भाजीत फिश सॉस येणारच, नाम प्ला सगळ्यात असतो, चटण्यांत कपि म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. ‘जे’ हा थाय शब्द सांगायचा, म्हणजे प्राणिज काही नाही, त्यात लसूण-कांदाही चालत नाही, दुकानावर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. अंडं-दूध चालत असेल तर ‘मंगसविरात’ म्हणायचं. जिथे राहशील त्या घरच्या काकूंना पहिल्याच दिवशी सगळं नीट सांग, स्वयंपाकघरात बस त्यांच्यासोबत, भात, टोफू, भोपळा, मोर्निंग ग्लोरीची भाजी, पपई, केळी, चिकट भात, ह्यात दिवस जातात. लोणचं आणि मेतकूट ने. शाळेच्या जेवणात तुझ्यासाठी वेगळं करायला लावू नकोस, डबा ने.

बाकी किरकोळ पण महत्त्वाचं: वर्गात चपला बाहेर, कोणाच्या डोक्याला हात नाही, अगदी लाडाने पोरांच्याही नाही. गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट शिक्षिकांना बहुतेक शाळांत लागतो. आठ वाजता झेंडा आणि राष्ट्रगीत, तेव्हा उभं राहायचं. राजघराण्यावर गंमतीतही बोलायचं नाही आणि पोस्ट लाइक करायची नाही, त्याचा कायदा खूप कडक आहे. स्कूटर भाड्याने मिळते पण बाइकचं लायसन्स आणि त्याच वर्गाचं इंटरनॅशनल परमिट नसेल तर अपघातात इन्शुरन्स हात वर करतो, आणि तिथले रस्ते जिवावर बेतणारे आहेत. भटका कुत्रा चावला तर त्याच दिवशी दवाखाना.

तर आता तू हे कर. एजन्सीला चार प्रश्न लेखी पाठव: शाळेचं नाव आणि हेडमास्तरांचं पत्र, व्हिसा कुठला आणि वर्क परमिट कोण काढणार, पैशांची फोड, आणि गेल्या सत्रात कोणी काय शिकवलं. टाळाटाळ केली तर सोड त्यांना आणि स्वतः दोन-तीन रजिस्टर्ड थाय संस्थांना लिही. नोव्हेंबरचं सत्र गाठायचं तर जुलैपर्यंत पत्रव्यवहार सुरू हवा, कारण शाळेची कागदपत्रं यायलाच वेळ लागतो आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना सुट्टी असते. उत्तर आलं की इथेच टाक, नावं खोडून, पत्रात कुठला व्हिसा लिहिलाय ते बघून पुढचं सांगते.